नको म्हटलं की येतो

“नको! अरे नको, नको म्हणते ना!” आत्याबाई ओरडल्या. एका हातानं त्यांनी पदराचं टोक पिल्लाच्या दातांतून ओढून घेतलं आणि दुसऱ्या हातानं ताज्या भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात कोंबला.

पिल्लानं पदर सोडला, तुकडा गिळला आणि लगेच पुन्हा पदर धरला.

“बघ,” आत्याबाई मला म्हणाल्या, “किती सांगितलं तरी ऐकत न्हाई. जातच द्वाड.”

“आत्याबाई, तुम्ही त्याला तुकडा दिलात.”

“मग? पदर फाडू देऊ व्हय?”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणतात. कराडला, कारखान्याच्या लोकांनी मिळून बांधलेल्या एका कॉलनीत आमचं, पाटलांचं, घर होतं. माणसं पाच आणि त्या उन्हाळ्यापासून एक कुत्रं. ते आणण्याचं कर्तृत्व आमच्या यजमानांचं, विक्रमरावांचं. मित्राच्या मळ्यातून ते शर्टाच्या आत घालून पिल्लू घेऊन आले आणि अंगणातूनच ओरडले, “बाप अस्सल अल्सेशियन आहे!” आईबद्दल मित्र काही बोलला नव्हता, आणि पिल्लाचे लोंबते कान बघून आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विक्रमराव बँकेत आपल्या कामावर गेले. आणणं त्यांचं, निस्तरणं बायकांचं, अशी कामाची वाटणी आमच्याकडं पूर्वीपासून होतीच.

मामंजींनी त्याचं नाव सम्राट ठेवलं. सम्राटानं राज्यकारभार तातडीनं हाती घेतला. मोरीपासून देवघरापर्यंत ठिकठिकाणी पाणी शिंपून हद्द कायम केली. विक्रमरावांची एक, मामंजींची एक अशा दोन डाव्या चपला जमीनदोस्त केल्या. पायपुसण्याच्या दशा काढल्या. चालत्या माणसाची टाच धरायची त्याला फार हौस होती, आणि कुणी किंचाळलं की ती हौस दुप्पट व्हायची. दाराची बेल वाजली की तो येणाऱ्याच्या छातीपर्यंत उड्या मारायचा. एकटा ठेवला की असा रडायचा की शेजारच्या वहिनी विचारायला यायच्या, कुणाकडं काही बरंवाईट झालं का.

मामंजींनी उभी हयात कारखान्याच्या फाटकावर उशिरा येणाऱ्यांची हजेरी घेण्यात घालवली होती. कुत्र्याला शिस्त लावणं म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ. त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी केली आणि सम्राटाच्या पाठीवर एक दिली. सम्राटाला वाटलं, नवा खेळ. त्यानं सुरळी धरली. मग पुढं पिल्लू आणि मागं मामंजी अशी घराला रोज सकाळी प्रदक्षिणा सुरू झाली. पेपरातला अग्रलेख त्याला विशेष आवडायचा. आमच्या घरात तो शेवटपर्यंत संपवणारा तो एकटाच.

शेवटी मी आणि माझी नणंद शर्मिला, आम्ही दोघी त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. मामंजीही आले, कारण डॉक्टर काय चुकीचं सांगतात ते ऐकायला कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं.

डॉक्टर शिकलगार म्हशींच्या रांगेतून मोकळे होऊन आले. त्यांनी पिल्लाचे ओठ वर करून दात बघितले. “दात येताहेत. हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावतंय. जुना टॉवेल ओला करून गाठ मारून द्या चावायला. झोपून उठलं की आणि खाल्लं की लगेच अंगणात न्या, म्हणजे घरात करणार नाही. तिथं केलं की शाबासकी द्या.”

“आणि ऐकत नाही त्याचं काय?” मामंजींनी विचारलं.

“एक शब्द ठरवा. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. एकदाच म्हणायचा, न ओरडता, आणि पाठ फिरवून बाजूला व्हायचं. द्यायचं काही नाही.”

“मारायचं?”

“मारून दात यायचे थांबत नाहीत, साहेब.”

मामंजींनी माझ्याकडं असं बघितलं की जसं काही हा डॉक्टर मी माहेरून आणला होता.

शब्द कोणता, यावर घरी खल झाला. मामंजी म्हणाले, ‘नो’ ठेवू, जातिवंत कुत्र्यांना इंग्रजी समजतं. आत्याबाई म्हणाल्या, त्यांना समजत असंल, मला न्हाई. शेवटी ‘नको’ ठरला. घरातला शब्द, सगळ्यांच्या सवयीचा.

सवयीचा होता हे खरंच. आमच्याकडं जेवायला बसलेल्या माणसानं एकदा ‘नको’ म्हटलं की आत्याबाई अर्धी भाकरी वाढायच्या. ‘नको, नको’ म्हटलं की अख्खी वाढायच्या. ताटावर हात आडवा धरणाऱ्याला तर अगदी लाजाळू समजून त्याच्या हातावर वाढायच्या. “पोटभर खाणारा माणूस कधी हो म्हणत न्हाई,” हे त्यांचं शास्त्र. नव्यानं घरात आले तेव्हा मी पहिले काही दिवस सभ्यपणे ‘नको’ म्हणत राहिले आणि आठवडाभरात ओवा खाऊन पडले. मग भूक संपायच्या आधी मुकाट्यानं पानावरून उठायला शिकले.

सम्राटाचं शिक्षण सुरू झालं. मी आणि शर्मिला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं एकदा ‘नको’ म्हणून पाठ फिरवायचो. मामंजी ‘नको’ म्हणून सुरळी उगारायचे. विक्रमराव ‘नको रे’ म्हणून त्याच्याशी गादीवर कुस्ती खेळायचे. आणि आत्याबाई ‘नको रे माझ्या बाळा, नको’ म्हणून भाकरी द्यायच्या. कुत्रं झालं तरी त्याला हित कळतं. महिनाभरात सम्राट असा तयार झाला की घरात कुणीही, कुठंही ‘नको’ म्हटलं की असेल तिथून धावत यायचा, समोरच्याच्या मांडीवर दोन पाय ठेवायचा आणि तोंड उघडून वाट बघायचा.

“हुशार हाय हो,” आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या.

त्याच सुमाराला कोरेगावच्या जगदाळ्यांचं स्थळ शर्मिलासाठी सांगून आलं. मुलगा साताऱ्याच्या एका कंपनीत इंजिनीयर, स्वतःचं घर, दीड एकर बागायत. मुलगा दिसायला बरा, वागायला बरा, व्यसन नाही. हीच मोठी अडचण होती. चकणा वगैरे असता तर शर्मिलाचं कुणीतरी ऐकलं असतं.

रात्रीच्या जेवणाला मामंजींनी विषय काढला. “रविवारी येताहेत. पसंती झाल्यातच जमा आहे. सुपारी फोडूनच जाऊ म्हणालेत.”

“मला नको,” शर्मिला म्हणाली.

आत्याबाईंनी तिच्या ताटात अर्धी भाकरी टाकली. दाराआडून सम्राट धावत आला.

“भाकरी नाही आई. स्थळ. स्थळ नको.”

“का? काय वाईट हाय त्यात?”

“वाईट काही नाही. मला आत्ता लग्नच नको.”

“कुणी मनात हाय का?”

“नाही.”

“मग पुढं शिकायचंय का?” विक्रमरावांनी विचारलं.

“ते ठरवलं नाही अजून.”

“म्हणजे कारण काहीच नाही,” मामंजी म्हणाले आणि सुटल्यासारखे ताकाकडं वळले. त्यांच्या फाटकावर कारणाशिवाय गैरहजेरी कधी मान्य झालेली नव्हती.

“लाजतीया,” आत्याबाई मला म्हणाल्या, शर्मिला समोर बसलेली असताना. “पोरी नकोच म्हणत्यात. मी पण म्हटलं हुतं.”

नावच शर्मिला. ती काही बोलली तरी लाजली, आणि नाही बोलली तरी लाजली. पोरीनं ताटातली अर्धी भाकरी मोडून सम्राटाला घातली आणि उठली. मोरीत हात धुताना तिनं मला विचारलं, “वहिनी, मी कसं सांगू म्हणजे यांना ऐकू जाईल?” मी तिच्या हातावर पाणी घालत राहिले.

रविवारी सकाळपासून घरात अशी पळापळ सुरू होती की जसं काही नवरदेव हत्तीवरून येणार होता. सम्राटाला परसात लिंबाला बांधलं. मामंजींनी गाठ स्वतः मारली, म्हणजे ती सुटणार हे ठरलेलंच होतं.

पाहुणे तिघंच आले. मुलगा अभिजित, त्याचे वडील जगदाळे, आणि एक मावशी. अभिजितची आई लहानपणीच गेलेली. या मावशींनीच त्याला वाढवलं होतं. साताऱ्याला सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या, आणि आपण बोलतो ते समोरच्याला समजलं की नाही हे तपासून बघायची त्यांना सवय होती.

मी पोह्यांचा ट्रे नेला. जगदाळे रीतीप्रमाणं दोन्ही हात वर करून म्हणाले, “नको, नको, अहो आत्ताच खाऊन निघालोय.”

परसात काहीतरी तुटल्याचा आवाज आला.

“घ्या की थोडं,” आत्याबाई म्हणाल्या.

“नको, खरंच नको!”

सम्राट गळ्यात हातभर दोरी घेऊन बैठकीत शिरला आणि थेट जगदाळ्यांच्या मांडीवर चढला. पोहे सतरंजीवर गेले. मामंजी “नको! नको!” म्हणून ओरडले. सम्राट मामंजींकडं गेला. आत्याबाईंनी आतल्या दारातून “अरे नको रे!” म्हटलं. सम्राट आत्याबाईंकडं गेला. मावशींनी पाय वर घेतले आणि म्हणाल्या, “नको गं बाई!” सम्राट मावशींकडं गेला. सगळ्यांकडून एकदम बोलावणं आलेलं त्याच्या आयुष्यात प्रथमच होत होतं, आणि कुणाला दुखवायला नको म्हणून तो प्रत्येकाकडं दोनदा जाऊन आला. शेवटी अभिजितनं त्याला अलगद उचललं आणि दाराबाहेर ठेवून कडी लावली.

जगदाळे माणूस खेळकर. शर्टावरची मोहरी झटकत म्हणाले, “नको म्हटलं की येतंय! नावच नको ठेवलंय का काय?”

आता इथं एखाद्यानं खरं सांगितलं असतं. पण आत्याबाईंना पाहुण्यांच्या हसण्यात मोठा आधार दिसला. “व्हय, व्हय,” त्या म्हणाल्या. “लाडानं नकोच म्हणतो आम्ही त्याला.”

सगळे हसले. मीही हसले, नव्यानं पोहे आणले, आणि या खेपेला सगळ्यांनी ते ‘नको’ न म्हणता घेतले.

मग शर्मिला आली. मोरपिशी साडी आत्याबाईंनी नेसवलेली, त्यामुळं चालणंही आत्याबाईंचंच वाटत होतं. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, असे प्रश्न झाले. उत्तरं बहुतेक मामंजींनी दिली. अभिजितनं एकच विचारलं, तुम्हाला काय वाचायला आवडतं, आणि त्याचंही उत्तर मामंजींनीच दिलं. त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही.

“आमच्याकडून होकार आहे,” जगदाळे म्हणाले. “रीत म्हणून विचारतो. बाळ, करायचं ना हे लग्न?”

शर्मिलानं मान वर केली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण बैठकीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल इतका स्वच्छ होता.

“नको,” ती म्हणाली.

बाहेर नखं वाजली. दाराची कडी मामंजींच्या गाठीच्याच जातीची निघाली. सम्राट धावत आला आणि शर्मिलाच्या मोरपिशी साडीवर दोन पाय ठेवून तोंड उघडून उभा राहिला.

सगळ्यांच्या आधी आत्याबाईंना सुचलं.

“आगं बया!” त्या हसत म्हणाल्या. “आता मधीच कुत्र्याला कशाला हाक मारतीस?”

जगदाळे खो खो हसले. मामंजी हसले. विक्रमरावही हसले. ते नेहमी मामंजींच्या नंतर हसतात. “छान!” जगदाळे म्हणाले. “कुत्र्याचा लळा आहे पोरीला. आंदण म्हणून पाठवा बरोबर. मग, पाटील, आणताय ना सुपारी?”

आत्याबाई सुपारीचं ताट आणायला वळल्यासुद्धा. शर्मिला माझ्याकडं बघत होती. तिनं जे सांगायचं ते सांगून झालं होतं. सगळ्यांसमोर, स्पष्ट, एका शब्दात. आणि तो शब्द कुत्र्याच्या नावावर जमा झाला होता. दुसरा शब्द तिच्याकडं नव्हता. मी हातातला ट्रे खाली ठेवला.

“याचं नाव सम्राट आहे,” मी म्हणाले.

“हेमा,” विक्रमराव हळूच म्हणाले.

“मामंजींनी ठेवलंय. या घरात त्याला कुणी कधी ‘नको’ अशी हाक मारलेली नाही. शर्मिला कुत्र्याला काही म्हणाली नाही.”

मावशींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “मग कुणाला म्हणाली?”

“लाजतीया हो ती,” आत्याबाई मध्ये पडल्या. “ही आमची सून जरा...”

“मी तिला विचारतेय,” मावशी म्हणाल्या. “कुणाला म्हणालीस, बाळ?”

“लग्नाला,” शर्मिला म्हणाली. तिला रडू यायला लागलं होतं, पण तिनं वाक्य पुरं केलं. “तुमच्यात काही वाईट नाही. मला लग्न नको आहे. घरात सांगितलं होतं मी.”

“सांगितलं होतं?” मावशींनी मामंजींना विचारलं.

मामंजींनी आयुष्यात हजारो लोकांना हाच प्रश्न विचारला असेल. तो आपल्याला कुणी विचारल्यावर कुठं बघायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. ते पंख्याकडं बघत राहिले.

अभिजित उठला. “चला, मावशी,” तो म्हणाला. मग शर्मिलाकडं वळून म्हणाला, “बरं झालं आत्ताच बोललात.” जगदाळ्यांना ही सगळी भानगड समजायला थोडा वेळ लागला, तोवर मावशींनी त्यांना चपला घालायला लावल्या होत्या. चांगली माणसं होती. चांगल्या माणसांना घालवून दिल्याचं दुःख आत्याबाईंना पुढं कितीतरी वर्षं पुरलं.

फाटक लागल्यावर जे व्हायचं ते झालं. सून आहेस की वैरीण, नाक कापलंस, भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मामंजी म्हणाले, हिच्या वडिलांना बोलावून घ्या. शर्मिला म्हणाली, वहिनीला बोलू नका, मला बोला. मग तिलाही बोलून झालं. त्यात सम्राटानं सुपारीच्या ताटातला खडीसाखरेचा पुडा पळवला आणि थोडा वेळ सगळे त्याला बोलले.

शर्मिलाचं लग्न पुढं झालं, तिनं म्हटलं तेव्हा आणि तिनं म्हटलं त्याच्याशी. त्या मांडवात आत्याबाई ज्याला त्याला सांगत होत्या, “आम्ही पोरीवर कधी काही लादलं न्हाई बाई. तिच्या मर्जीनं सगळं.” मीही शेजारी उभी राहून मान डोलावली.

पण त्या रविवारी संध्याकाळी मी परसातल्या पायरीवर बसले होते. विक्रमराव बाहेर आले. लिंबाखाली तुटलेली दोरी पडली होती, ती उचलून उगाच गुंडाळत ते माझ्याजवळ बसले.

“हेमा,” ते म्हणाले, “तू कशाला मध्ये पडलीस? हळूहळू सांगितलं असतं तिनं.”

“कुणाला?”

“आम्हाला.”

मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

“बरं, नंतर तरी सांगितलं असतं. सुपारी म्हणजे काही लग्न नाही. पोरी पहिल्यांदा म्हणतातच गं असं. नंतर रमतात.”

“मीही म्हटलं होतं,” मी म्हणाले.

“काय?”

“नको.”

“कधी?”

“तुम्ही मला बघायला आला होता तेव्हा. आत्याबाईंनी विचारलं, आमच्या घरी यायचं ना गं. मी म्हटलं, नको. माझे वडील हसले. मामंजी हसले. आत्याबाई म्हणाल्या, लाजली पोर. आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.”

विक्रमराव दोरी गुंडाळायचे थांबले. “मला ऐकू आलं नाही,” ते म्हणाले.

“आलं. तुम्हीपण हसलात. त्यांच्यानंतर. आमच्या घरी तेव्हा कुत्रं नव्हतं, एवढाच फरक.”

माणूस वाईट नव्हता, आजही नाही. घाम फुटल्यासारखा त्यांनी चेहरा पुसला. मला वाटलं, आता म्हणतील की सहा वर्षं झाली, आता काय त्याचं. ते तसं म्हणाले नाहीत.

“आणि आता?” त्यांनी विचारलं.

त्या घरात मला हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. उत्तराची सवयच नव्हती. हो म्हणावं तर ते सोपं होतं, आणि नको म्हणावं तर ते ऐकायला समोर खरोखर एक माणूस बसलेला होता. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला रागच आला.

“विचार करून सांगते,” मी म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आत्याबाई गेल्या, मामंजी गेले, आमची मुलं मोठी होऊन बाहेर पडली. विक्रमराव अजूनही मधूनमधून विचारतात, झालं का विचार करून? मी म्हणते, चाललाय. मग ते उठून चहा ठेवतात आणि माझ्यासाठी किती ठेवायचा ते आधी विचारतात.